पक्ष सोडलात, पण कंपू?

प्रश्न : आमच्या घरात तीन पिढ्या एकाच पक्षाला मत देत आल्या आहेत. आजोबा सभासद होते. बाबांनी उमेदीची सगळी वर्षं पक्षाच्या सतरंज्या उचलण्यात घालवली आणि बदल्यात कधी काही मागितलं नाही. मीही प्रचारात फिरलोय, मतदारयाद्या घेऊन दारोदार गेलोय. या वेळी मात्र मी दुसऱ्या पक्षाला मत दिलं. देताना हात थरथरला. कारण एक नव्हतं. ज्या माणसाविरुद्ध आम्ही घसा कोरडा केला, त्यालाच पक्षानं तिकीट दिलं. ज्या निर्णयाविरुद्ध आम्ही मोर्चे काढले, तोच निर्णय सत्तेत आल्यावर आमच्याच लोकांनी घेतला. आता त्या पक्षात फक्त ठेकेदार आणि त्यांची पोरं उरली आहेत. मी हे थोरल्या भावाला सांगितलं. दादा म्हणाला, "बाबांच्या आयुष्यावर बोळा फिरवलास." तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. बाबांना अजून माहीत नाही. घरच्या ग्रुपवर मी रोज पुरावे टाकतो, पण कुणाच्या डोक्यात प्रकाश पडत नाही. नव्या पक्षाच्या मंत्र्याचं जमिनीचं प्रकरण दादा सारखं उकरून काढतो, पण ते विरोधकांनी रचलेलं आहे, ते सोडा. मी गद्दार आहे का? बाबांना सांगू का? आणि उद्या हाही पक्ष बिघडला आणि मी पुन्हा बदललो, तर लोक काय म्हणतील?
– एक अस्वस्थ मतदार

उत्तर : गद्दार नाही. तुमच्या प्रश्नांतला हा सगळ्यात सोपा, म्हणून आधी मिटवून टाकते. गद्दारी करायला आधी कुणाचं तरी घेतलेलं असावं लागतं. पक्षाच्या चिन्हावर निवडून येऊन दुसऱ्या दिवशी पलीकडच्या बाकावर जाऊन बसणाऱ्यानं लोकांची मतं घेतलेली असतात, त्याला जाब विचारणं रास्त आहे. तुम्ही पक्षाचं काय घेतलंत? दिलंतच. मत एका मुदतीपुरतं दिलेलं असतं. मुदत संपली की ते परत तुमच्या हातात येतं, आणि निवडणूक पुन्हा पुन्हा घ्यायची ती एवढ्याचसाठी.

पण हात थरथरला म्हणता, त्याबद्दल सविस्तर बोलायला हवं. दादाशी झालेलं भांडणही तिथूनच निघालंय.

हात थरथरणारे तुम्ही पहिले नाहीत. इंग्लंडच्या ईशान्येला, जुन्या कोळसा खाणींच्या पट्ट्यात, सेजफिल्ड नावाचा मतदारसंघ होता. १९३५ पासून तिथे मजूर पक्षच निवडून येत होता. पंतप्रधान झालेले टोनी ब्लेअर १९८३ ते २००७ तिथलेच खासदार. अशा ठिकाणी हुजूर पक्षाला मत देणं म्हणजे बापजाद्यांचं नाव बुडवणं. तरी डिसेंबर २०१९ मध्ये तिथे हुजूर पक्ष जिंकला. निकालानंतर हुजूर पक्षाचे नेते बोरिस जॉन्सन यांनी अशा मतदारांचे आभार मानले, तेव्हा ते अशा अर्थाचं बोलले होते की मतपत्रिकेवर फुली मारण्याआधी तुमचा हात कदाचित थरथरला असेल, पुढच्या वेळी तुम्ही परतही जाल, ही मतं तुम्ही आम्हाला उसनी दिली आहेत. जिंकल्याच्या दिवशी राजकारणी इतकं शहाणपणाचं क्वचित बोलतो. (उसनवारी फेडली नाही हा भाग वेगळा. २०२४ मध्ये त्या पट्ट्यातल्या बऱ्याच जागा पुन्हा मजूर पक्षाकडे गेल्या.)

हात थरथरतो, कारण आपण पक्षाला निवडलेलंच नसतं. १९६० साली मिशिगन विद्यापीठाच्या चार संशोधकांनी अमेरिकी मतदारांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचं सार असं की बहुतेक माणसं मुद्दे तोलून मग पक्ष ठरवत नाहीत. पक्ष आधी येतो, बराचसा आईवडिलांकडून, आणि पुढचे सगळे मुद्दे त्या पक्षाच्या चाळणीतून गाळून आपल्यापर्यंत पोचतात. म्हणून पक्ष बदलणं हे विचार बदलण्यापेक्षा घर बदलल्यासारखं लागतं. दादाला तुमचं आर्थिक धोरण खुपलेलं नाही. बाबांच्या खस्ता फुकट गेल्या असं तुम्ही म्हणताय, असं त्याला ऐकू आलं.

असा आपपरभाव तयार व्हायला तीन पिढ्या लागतात असंही नाही. हेन्री ताजफेल हे पोलंडमध्ये जन्मलेले ज्यू मानसशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धात ते फ्रेंच सैनिक म्हणून जर्मनांच्या कैदेत होते, आणि सुटून आले तेव्हा जवळची जवळजवळ सगळी माणसं मारली गेलेली होती. माणसं 'आपले' आणि 'ते' अशी विभागणी का करतात, हा प्रश्न त्यांना पुस्तकातून मिळाला नव्हता. १९७० च्या सुमारास इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये त्यांनी १४-१५ वर्षांच्या शाळकरी मुलांना दोन चित्रकारांची चित्रं दाखवली, क्ले आणि कांडिन्स्की, आणि तुमच्या आवडीवरून दोन गट पाडले आहेत असं सांगितलं. प्रत्यक्षात गट वाटेल तसे पाडलेले होते. आपल्या गटात कोण आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मग प्रत्येकाला इतरांमध्ये थोडे पैसे वाटायला दिले. स्वतःला काही मिळणार नव्हतं. तरी मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं, आणि त्यातही अनेकांनी अशी वाटणी पसंत केली की आपल्या गटाला थोडं कमी मिळालं तरी चालेल, पण 'त्यांना' त्याहून कमी मिळालं पाहिजे. कुणाच्या आजोबांनी क्लेसाठी तुरुंगवास भोगला नव्हता. तिथे ही तऱ्हा, तर आयुष्यभराच्या झेंड्याचं काय सांगावं.

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. आपल्याला माहीत नसतं ते हे की आपणही तेच करतो. २००३ साली जेफ्री कोहेन या संशोधकानं अमेरिकी विद्यार्थ्यांना गरिबांना सरकारी मदत देण्याची एक योजना वाचायला दिली. कुणाला सढळ हाताची, कुणाला अगदी हात आखडलेली. सोबत एवढंच सांगितलं की ही अमुक पक्षाला मान्य आहे. विद्यार्थ्यांनी योजना कशी आहे याकडे फारसं पाहिलं नाही, आपल्या पक्षाची म्हटल्यावर मान डोलावली. खरी गंमत पुढे आहे. कशावरून ठरवलंत असं विचारल्यावर ते म्हणाले, योजनेतल्या तपशिलावरून. पक्षाचं ऐकून मत बनवणारे लोक असतात हे त्यांना मान्य होतं. फक्त ते लोक म्हणजे दुसरे.

मग अशी माणसं पक्ष सोडतात तरी कशी?

यावर अभ्यासकांचं एकमत नाही. १९४० च्या अमेरिकी निवडणुकीत पॉल लाझार्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातल्या ईरी काउंटीत महिनोन्‌महिने त्याच मतदारांच्या मुलाखती घेतल्या. घरचे एकीकडे ओढतात, कामावरचे दुसरीकडे, अशी ओढाताण झालेली माणसं निवडणुकीतून मन काढून घेतात आणि निर्णय लांबणीवर टाकतात, असं त्यांना दिसलं. म्हणजे पक्ष बदलणारा हा काहीसा गोंधळलेला, उदासीन माणूस. व्ही. ओ. की या राज्यशास्त्रज्ञानं पुढे याच्या उलट मांडणी केली, ती १९६६ साली, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. अनेक निवडणुकांच्या पाहण्या चाळून त्यांनी दाखवलं की बदलणारे लोक बहुधा सरकारनं काय केलं याबद्दलच्या आपल्या मताला धरूनच बदलतात. मतदार मूर्ख नसतो, हा त्यांचा आग्रह. तुमचं पत्र वाचून मला व्ही. ओ. की यांचं पटतं. दोन्ही कारणं तुम्ही नेमकी सांगितलीत, आणि दोन्ही पक्षानं केलेल्या गोष्टींची आहेत.

तिसरी एक गोष्ट तुमच्या पत्रात ओळींच्या मधे आहे. तिकीट चुकीच्या माणसाला दिलं तेव्हा तुम्ही पक्ष सोडला नाहीत. उलट, मला खात्री आहे, तेव्हा तुम्ही दोन ठिकाणी तरी पक्षाची तळी उचलली असेल. २०१० साली डेव्हिड रेडलॉस्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मतदारांसाठी एक लुटुपुटूची निवडणूक घेतली. आवडता उमेदवार निवडू दिला, मग त्याच्याविषयी न रुचणारी माहिती हळूहळू पुढ्यात टाकत गेले. सुरुवातीला लोक त्या उमेदवाराला आणखीच चिकटले. माहिती साचत गेली तसा एक टप्पा आला, मनात धाकधूक सुरू झाली, आणि तिथून लोक खरोखर फेरविचार करू लागले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, कालपर्यंत कट्टर होता, आज एकदम फिरला. आत घडा कधीपासून भरत होता हे त्या माणसालाही नीट सांगता येत नाही. दादाला तुमची फक्त शेवटची पायरी दिसली, म्हणून त्याला तो दगा वाटला.

एक गोष्ट मात्र बजावते. पक्ष सोडणं हे आपोआप पुण्यकर्म होत नाही. जुलै १९६४ मध्ये अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वर्णभेदाला बंदी घालणाऱ्या नागरी हक्क कायद्यावर सही केली. दक्षिणेतला गोरा मतदार पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाचा. नोव्हेंबरच्या निवडणुकीत देशभर जॉन्सन यांना ६१ टक्के मतं पडली, पण मिसिसिपीत त्या कायद्याला विरोध करणाऱ्या रिपब्लिकन बॅरी गोल्डवॉटर यांना ८७ टक्के. तिथल्या बहुतेक काळ्या नागरिकांना तेव्हा मतदारयादीत नावच घालू दिलं जात नव्हतं. त्याच निवडणुकीत देशात इतरत्र, गुलामगिरी संपवणाऱ्या लिंकनच्या आठवणीनं रिपब्लिकन पक्षात उरलेले काळे मतदार तो पक्ष सोडून गेले. एकच कायदा, दोन्हीकडची माणसं घरचा पक्ष सोडतात, आणि दोघांना एकाच मापानं मोजता येत नाही. का सोडलं, यावर सगळं. तुमची कारणं मला चांगली वाटतात. पक्ष हलला, तुम्ही होतात तिथेच आहात.

निदान मतदानाच्या दिवसापर्यंत होतात. आता जरा कडू बोलते.

"विरोधकांनी रचलेलं आहे, ते सोडा." का सोडायचं? तुम्ही त्या जमिनीचे कागद पाहिलेत? मंत्र्यानं दिलेलं उत्तर वाचलंत? हेच प्रकरण जुन्या पक्षाच्या मंत्र्याचं असतं तर ग्रुपवर किती पुरावे पडले असते, याचा अंदाज मीही करू शकते. तुम्ही पक्ष बदललात, पण सवय बरोबर घेऊन गेलात. जुन्या कंपूत जे करत होतात तेच नव्या कंपूत करताय, आणि नवखे असल्यामुळे जरा जास्तच जोरात. एक साधी गोष्ट करून बघा. कुठलीही राजकीय बातमी वाचताना पक्षाचं नाव अंगठ्यानं झाका, आधी मत बनवा, मग अंगठा उचला. पहिले काही दिवस फार त्रासाचे जातात.

आणि 'फक्त ठेकेदार उरले आहेत' हे वाक्य. तुमचे बाबा ठेकेदार आहेत का? दादा? कंपूची हीच खूण असते, पलीकडचे सगळे एकसारखे दिसू लागतात. २०१८ साली डग्लस आलर आणि गौरव सूद यांनी अमेरिकेत लोकांना विचारलं की वर्षाला अडीच लाख डॉलरहून जास्त कमावणारे रिपब्लिकन किती असतील. सरासरी उत्तर आलं ३८ टक्के. खरा आकडा होता २ टक्के. डेमोक्रॅट लोकांबद्दलचे अंदाजही असेच भरकटलेले होते. आपण ज्यांच्यावर चिडतो ती माणसं बरीचशी आपणच रंगवलेली असतात. तुम्ही तर त्या पक्षात वाढलात, तुम्हाला ही सबब नाही.

ग्रुपवर पुरावे टाकणं आजच थांबवा. पुराव्यांना अर्थ नसतो म्हणून नव्हे. चूक दाखवली की माणूस आणखी हट्टाला पेटतो, असं २०१० च्या एका गाजलेल्या अभ्यासानंतर बरीच वर्षं सांगितलं जायचं. पुढे थॉमस वूड आणि ईथन पोर्टर यांनी ५० हून अधिक विषयांवर हजारो लोकांसोबत ते तपासलं, तेव्हा तसं जवळजवळ कुठेच आढळलं नाही. दुरुस्ती केली की लोक बहुधा ती मान्य करतात. फक्त मत पूर्वी द्यायचे त्यालाच देतात. दादालाही तुमचे निम्मे पुरावे मनातून पटलेले असतील. पण काका, मामा, वहिनी, भाचे सगळे बघत असताना त्यानं ते कबूल करावं, ही अपेक्षा तुम्ही कोणत्या हिशेबानं ठेवलीत?

त्याला एकट्याला भेटा, आणि मुद्दा न काढता प्रश्न विचारा. डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ कॅला यांनी मायामीत केलेला एक प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. कार्यकर्ते घरोघरी गेले, तृतीयपंथीय व्यक्तींविषयी जेमतेम १० मिनिटं बोलले. वाद घातला नाही. तुमच्यावर कधी 'तू आमच्यातला नाहीस' अशी वेळ आली होती का, असं विचारलं आणि ऐकून घेतलं. पूर्वग्रह कमी झाले, आणि तीन महिन्यांनंतरही तो परिणाम टिकून होता. विषय पक्षनिष्ठेचा नव्हता, त्यामुळे दादा दहा मिनिटांत बदलेल असं मी म्हणत नाही. तो बदलावा हा हेतूही नको. त्याला विचारा, पक्षाचं तुला कधी पटलं नव्हतं का, आणि तेव्हा तू काय केलंस? उत्तर येईपर्यंत मधे बोलू नका. तुमच्या घरात हे अवघड जाणार, पत्रावरून दिसतंय.

अबोला मात्र लांबू देऊ नका. अमेरिकेत २०१६ च्या निवडणुकीनंतर थँक्सगिव्हिंगच्या सणाला कोण किती वेळ जेवायला थांबलं, हे दोन संशोधकांनी मोबाइलच्या नोंदींवरून मोजलं. वेगवेगळ्या पक्षांच्या भागातले पाहुणे एकत्र आले, तिथली जेवणं ३० ते ५० मिनिटं लवकर आटोपली. नेत्यांना याचा पत्ताही नसतो.

आता बाबा. कायद्यानं तुम्ही त्यांना काहीही सांगायला बांधील नाही. ब्रिटनमध्ये १८७२ पर्यंत मत चारचौघांत उघडपणे सांगावं लागे, आणि कुळानं कुणाला मत दिलं ते जमीनदाराला लगेच कळे. त्या वर्षी कायदा बदलला आणि ऑगस्टमध्ये पॉन्टफ्रॅक्टच्या पोटनिवडणुकीत पहिल्यांदा गुप्त मतदान झालं. तिथली मतपेटी अजून जपून ठेवली आहे. तिच्यावरच्या लाखेत ठसा उमटवलाय तो ज्येष्ठमधाच्या वड्यांवर मारायच्या शिक्क्याचा, कारण गावात तोच धंदा होता. मालकापासून वाचवणारा हा पडदा वडिलांपुरताही चालतो.

तरीही मी म्हणेन, सांगा. दादाला माहीत आहे म्हणजे आज ना उद्या बाबांच्या कानावर जाणारच, आणि त्याच्या तोंडून गेलं तर ते आरोपपत्र होऊन जाईल. कबुली दिल्यासारखं सांगू नका, पक्षाचे दोष वाचून दाखवू नका. कधी काही न मागता काम करणाऱ्या माणसाच्या घरात वाढल्यामुळे हे तिकीट आणि हा निर्णय मला गिळता आला नाही, एवढं म्हणा. ते खरंही आहे. आणि मग त्यांना बोलू द्या. अल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञानं १९७० साली मांडलं होतं की संस्था बिघडू लागली की माणसापुढे दोन वाटा असतात, निघून जाणं किंवा आत राहून आवाज उठवणं. निष्ठा असली की माणूस जाणं पुढे ढकलतो आणि आवाजाला वेळ देतो. बाबा राहिले म्हणजे त्यांना काही दिसत नव्हतं, असं समजू नका. इतकी वर्षं काम केलेला कार्यकर्ता बंद खोलीतल्या बैठकीत किती वेळा भांडून उठलाय, हे तुम्ही त्यांना कधी विचारलंय? मला वाटतं नाही. विचारा. ते रागावतील, कदाचित बरेच दिवस. रागवायचा त्यांना हक्क आहे.

शेवटचा प्रश्न, पुन्हा बदललात तर लोक काय म्हणतील. म्हणतील. विन्स्टन चर्चिल १९०४ साली हुजूर पक्ष सोडून लिबरल बाकांवर जाऊन बसले आणि १९२४ साली हुजूर पक्षाच्याच सरकारात अर्थमंत्री झाले. दोन्हीकडच्यांनी त्यांना काय काय म्हटलं असेल, कल्पना करा. ते तर निवडून आलेले होते, त्यांना ऐकून घेणं भाग होतं. तुम्हाला तेही नाही. राज्यशास्त्रज्ञ मॉरिस फिओरिना यांनी १९८१ मध्ये पक्षनिष्ठेचं वर्णन मनातला चालू हिशेब असं केलं होतं, पक्ष वागेल तसतशी जमा आणि वजा. तुमची अडचण ही की नव्या पक्षाच्या खात्यावर तुम्ही अजून वजा बाजू उघडलेलीच नाही. तेव्हा आत्ताच, निवडणूक लांब असताना, एका कागदावर लिहून ठेवा, या पक्षानं काय काय केलं तर मी पुढच्या वेळी त्याला मत देणार नाही. ऐन वेळी लिहायला बसलात तर सगळ्याला सबब सापडते. दादाशी बोलणं सुरू झालं की त्यातली एखादी अट त्याला घालू द्या. तो नेमकी घालेल.